मुलीला वकील करायचंय, मग तिनं इतिहास कशाला शिकायचा?

पत्र आलंय अमळनेर तालुक्यातल्या एका शेतकरी बापाचं. नाव-गाव वगळून, थोडं आखूड करून देते.

“ताई, राम राम. आम्ही कापूसवाले. सहा एकर कोरडवाहू, दोन एकर विहिरीवर. मुलगी बारावी आर्ट्सला आहे, अकरावीला ७९ टक्के होते. तू वकील हो, असं मी तिला लहानपणापासून सांगत आलो. कारण आमचा भाऊबंदकीचा वाटपाचा दावा बारा वर्षांपासून कोर्टात पडून आहे. आम्ही तिघे भाऊ, तिघांची तीन तोंडं, आणि दर तारखेला वकिलाच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं. घरचा वकील असला तर बरं. मुलगी तयार आहे, पण आता म्हणते पाच वर्षांचं बीए-एलएलबी करायचं. वकिली करायची तर सरळ वकिली करावी, त्यात इतिहास-राज्यशास्त्र कशाला? माझा साडू पुण्याला आहे. तो म्हणतो, आधी अमळनेरलाच बीए होऊ द्या, एमपीएससी देता येईल, वकिलीचं नंतर बघू. घरातली म्हणते, तेविसाव्या वर्षापर्यंत शिकत बसली तर स्थळ कुठून येईल. मला भीती अशी की दोन दगडांवर पाय ठेवून पोरगी मधल्या मध्ये पडायची. आते काय करानं, तुम्हीच सांगा.”

खाली वेगळ्या पेनानं, बारीक अक्षरात दोन ओळी आहेत: “मला वकील व्हायचंच आहे, बाबा म्हणतात म्हणून नाही. पण इतिहास सोडायचा नाही. इंग्रजीची मात्र भीती वाटते.”

भाऊ, राम राम.

तुमच्या घरात चार माणसांची चार मतं आहेत आणि चौघांचंही थोडं थोडं खरं आहे, म्हणून तर तुमची झोप उडालीय. आधी गैरसमज दूर करू, मग मताचं बोलू.

बीए-एलएलबी म्हणजे सकाळी एका कॉलेजात आणि दुपारी दुसऱ्या कॉलेजात पळायचं, असं तुम्हाला वाटतंय. तसं ते नाही. नावात दोन पदव्या असल्या तरी प्रवेश एक, कॉलेज एक, विद्यापीठ एक. पाच वर्षं, दहा सेमिस्टर. सुरुवातीच्या वर्षांत राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, इंग्रजी यांतले विषय आणि त्यांच्या जोडीनं कराराचा कायदा वगैरे. पुढे घटना, फौजदारी, पुरावा, मालमत्तेचे कायदे, दावे-अर्ज लिहिण्याचं काम. बार कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे वकिलीचे नियम ठरवणारी देशातली संस्था, तिनं २००८ च्या नियमांत याला एकात्मिक दुहेरी पदवी म्हटलंय. दोन दगडांवर पाय वेगळा आणि हे वेगळं. उलट, दोन स्वतंत्र रेग्युलर कोर्स एकदम करायला त्याच नियमांत मनाई आहे. २०२२ मध्ये यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, एका वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली, तेव्हापासून ‘बीए इकडे टाकू, एलएलबी तिकडे टाकू’ असं सुचवणारे हुशार लोक गावोगाव निघालेत. साडू त्यातले नाहीत, ही चांगली गोष्ट. पण कोणी सुचवलंच तर ऐकू नका. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, बार कौन्सिल देते, तेव्हा नियमही तिचाच बघायचा.

आता तुमचं ‘सरळ वकिली’. भाऊ, असा रस्ताच नाही. बारावीनंतर नुसती एलएलबी कुणालाच मिळत नाही. एक तर पाच वर्षांचा जोडकोर्स, नाही तर आधी कुठलीही पदवी आणि मग तीन वर्षांची एलएलबी. जोडकोर्समध्ये बीएच्या जागी बीकॉम किंवा बीबीए असू शकतं, पण वकिलीच्या आधी किंवा वकिलीसोबत दुसरं काहीतरी शिकावंच लागतं. तेव्हा मुलगी जास्तीचं काही मागत नाहीये. सगळ्यांना जे करावं लागतं, तेच ती स्वतःच्या आवडीच्या विषयात करू म्हणते आहे.

जुन्या पिढीनं हे दोन टप्प्यांत केलं, कारण तेव्हा पर्याय तेवढाच होता. प्रतिभाताई पाटील आपल्या नाडगावच्या. जळगावच्या मूळजी जेठा कॉलेजातून राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र घेऊन एमए, मग मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजातून कायदा, मग जळगावला वकिली. १९६२ मध्ये आमदार झाल्या, २००७ मध्ये राष्ट्रपती. सरकारी वकील म्हणून गाजलेल्या उज्ज्वल निकमांनी आधी बीएससी केलं आणि मग जळगावच्याच मणियार लॉ कॉलेजातून कायदा. पाच वर्षांच्या कोर्सला खरं वजन आलं ते बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमुळे. १९८८ मध्ये त्यांची पहिली बॅच बसली, आणि आज आपल्याकडे साध्या लॉ कॉलेजातही तो कोर्स सापडतो.

इथवर माहिती झाली. आता तुम्हाला जरा टोचेल असं बोलते.

मुलीनं वकील होऊन तुमचा दावा चालवावा, हे तुमच्या मनात आहे. ते होणार नाही. जमीन वडिलोपार्जित असेल तर तुमच्या हिश्श्यात तुमच्या मुलीचाही जन्मानं हक्क आहे. हिंदू वारसा कायद्यातली ती दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू आहे. आणि ज्या प्रकरणात वकिलाचा स्वतःचा पैशाअडक्याचा संबंध आहे, त्यात त्यानं वकील म्हणून उभं राहू नये, असा बार कौन्सिलचा आचारनियम आहे. थोडक्यात, ज्या दिवशी ती तुमच्या दाव्यात वकीलपत्र दाखल करायला जाईल, त्या दिवशी समोरचा वकील हसत हसत हरकत घेईल. तिला वकील करण्यामागचं तुमचं हे कारण आजच वहीतून खोडून टाका. तिचं स्वतःचं कारण तिनं बारीक अक्षरात लिहिलंय, ते पुरेसं आहे.

आणि दाव्याचं निघालंच आहे म्हणून विचारते. पत्रात तीन भाऊ आहेत, बहिणींचा शब्द नाही. तुम्हाला बहिणी आहेत का? असतील तर त्या दाव्यात पक्षकार आहेत का? २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर नोंदणीकृत वाटप किंवा कोर्टाचा हुकूमनामा झालेला असेल तर गोष्ट वेगळी. पण तुमचा दावा अजून चालू आहे, म्हणजे तसं झालेलं दिसत नाही. मुलीचा हक्क जन्मानं आहे, त्यासाठी त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात पक्कं केलंय. वाटपाच्या दाव्यात हिस्सेदार बाहेर ठेवला तर निकाल लागूनही तो टिकेलच असं नाही. हे तुमच्या वकिलांना विचारा. मी तुमचे कागद बघितलेले नाहीत.

“बहिणींनी हक्कसोड करून दिलीय, आपला हिस्सा लिहून सोडलाय,” असं उत्तर तुम्ही द्याल, असा माझा अंदाज आहे. आणि मुलीनं इतिहास-समाजशास्त्र का शिकायचं, हे मला नेमकं इथेच सांगायचंय.

कामाच्या कुठल्याही दिवशी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर उभं राहून बघा. भाऊ बहिणीला रिक्षातून उतरवून घेतो. डोक्यावर पदर, हातात आधार कार्डाची झेरॉक्स, सोबत तिचा पोरगा, तो मोबाइलमध्ये गुंग. आधी चहा होतो. आत गेल्यावर फोटो, अंगठ्याचा ठसा, पानापानावर सही. दस्तात लिहिलेलं असतं की मी राजीखुशीनं, कोणाच्याही दबावाशिवाय माझा हक्क सोडत आहे. अधिकारी विचारतात, “मजकूर मान्य आहे ना?” ती मान हलवते. बाहेर आल्यावर भाऊ पिशवीतून साडी काढतो. दहा-पंधरा मिनिटांत सगळं उरकतं आणि गावाकडची एसटी पकडायला दोघं सोबत निघतात.

कायद्याच्या नजरेनं हा दस्त चोख आहे. ज्यानं फक्त कलमं पाठ केलीत त्या वकिलाला यात बघण्यासारखं काहीच दिसणार नाही. पण सही का झाली, हे कुठल्या कलमात नाही. ते आखाजीत, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या माहेरपणात आहे. सही केली नाही तर आखाजीला माहेरून न्यायला मूळ येणार नाही, झोका बांधला जाणार नाही, मुलीच्या लग्नात मामा उभा राहणार नाही. सासरी काही बिनसलं तर रात्री-अपरात्री ठोठवायला दार राहणार नाही. त्या बाईनं मनातल्या मनात हिशेब केलेला असतो आणि तिच्यापुरता तो बरोबरही असतो. हे ज्या वकिलाला कळतं तो अशीलबाईला वेगळे प्रश्न विचारतो, तडजोडीची बैठक वेगळी घडवतो, उलटतपासही वेगळा घेतो. समाजशास्त्राच्या तासाला मालमत्ता, विवाह, नातेसंबंध असे कंटाळवाणे वाटणारे धडे असतात ना, त्यांत हेच शिकवायचं असतं. चांगला मास्तर मिळाला तर.

दुसरं उदाहरण इतिहासाचं, तेही आपल्याच मातीतलं. जमीन महसूल संहितेत कलम ३६ आणि ३६-अ आहेत. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही, असा त्यांचा गाभा. जमीन घेऊ पाहणारे या कलमांवर चिडतात, ‘मालकाला स्वतःची जमीन विकता येत नाही, हा कसला न्याय’ असं तावातावानं बोलतात. वरवर ऐकलं तर पटतंही. आता नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा-तळोद्याकडची १९७० च्या आसपासची हकीकत ज्यानं वाचलीय त्याला विचारा. सावकारी, सालदारी आणि कोऱ्या कागदावरचे अंगठे यांतून भिल्ल-पावरांच्या जमिनी कशा गेल्या, आदिवासींचे नेते अंबरसिंग महाराज यांच्यामागे माणसं का उभी राहिली, १९७२ मध्ये श्रमिक संघटना का निघाली, आणि १९७४ मध्ये जमिनी परत करण्याचा कायदा राज्याला का करावा लागला. हे माहीत असलेला वकील ३६-अ वाचतो तेव्हा त्याला त्यामागची माणसं दिसतात. तो आदिवासीच्या बाजूनं उभा असो की विरुद्ध, त्याचा युक्तिवाद कसदार होतो. न्यायाधीशाला तो फरक पहिल्या पाच मिनिटांत कळतो.

तुमच्या अमळनेरलाच प्रतापशेठजींनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. कापडाच्या गिरणीचा मालक न्याय म्हणजे काय, सत्य म्हणजे काय याचा विचार करायला देशभरातून माणसं बोलावतो, साने गुरुजींसारखे त्या संस्थेत शिकतात. तेव्हा ‘हे कशाला’ असं त्यांनाही कोणीतरी विचारलं असेलच.

बरं. आता मी एकदम तुमच्या बाजूनं बोलते.

पाच वर्षांच्या कोर्सचं मी जे वर्णन केलं ते तो नीट शिकवला तर. पुष्कळ लॉ कॉलेजांत आर्ट्सचे विषय पास होण्यापुरते असतात. इतिहासाला पूर्णवेळ प्राध्यापक नसतो. तासिका तत्त्वावर कोणीतरी नेमलेलं असतं, तेही सेमिस्टर अर्धं झाल्यावर. पोरं गाईड आणतात, परीक्षेच्या आधी चार रात्री वाचतात आणि विसरतात. अशा ठिकाणी दुहेरी पदवी नुसती मार्कशीटवर दुहेरी असते. तसलं कॉलेज मिळणार असेल तर मी तुमच्या साडूंच्या पार्टीत. त्यापेक्षा अमळनेरला प्रताप कॉलेजात चांगलं बीए करावं आणि मग तीन वर्षांची एलएलबी करावी. एक वर्ष जास्त जाईल, पण निदान एक गोष्ट धड होईल.

तेव्हा कॉलेज निवडताना जाहिरात बघू नका, स्वतः जा. अमळनेरहून जळगाव रेल्वेनं गाठता येतं, धुळ्याला एसटी आहे. नोटीस बोर्डावर पहिल्या वर्षाचं वेळापत्रक लावलेलं असतं. राज्यशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास कोण शिकवतं, ती माणसं किती वर्षांपासून तिथं आहेत, हे शिपायाला विचारलं तरी कळतं. लायब्ररीत जाऊन टेबलांवर धूळ आहे की पोरं आहेत ते बघा. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या दोन मुलींना गाठून विचारा की तास होतात का. कॉलेजला बार कौन्सिलची मान्यता चालू वर्षापर्यंत आहे ना, याचं पत्र ऑफिसात मागा. हे मागायला लाजू नका. मान्यता रखडलेल्या कॉलेजातून पास झालेल्यांचे सनदेच्या वेळी काय हाल होतात ते मी पाहिलेत.

साडूंचा एमपीएससीचा मुद्दा खरा आहे, आणि तुमच्या निर्णयातला सगळ्यात कळीचा तोच आहे. पाच वर्षांच्या कोर्समधून मध्येच बाहेर पडून बीए हातात घेता येत नाही. तीन वर्षं झाली, आता बीए द्या, मी निघते, असं चालत नाही. बार कौन्सिलच्या नियमांत तशी स्पष्ट मनाई आहे. आधीच बीए झालेल्यालाही मधल्या वर्षात घुसता येत नाही. म्हणजे पदवी लागणारी कुठलीही परीक्षा तिला एकविसाव्या वर्षी देता येणार नाही, पाच वर्षं पुरी व्हायला आली की मगच दार उघडेल. तहसीलदार किंवा डीवायएसपी व्हायचं खूळ मनात असेल तर बीएचा रस्ता बरा. वकीलच व्हायचं असेल तर पाच वर्षांचा बरा, एक वर्ष वाचतं आणि कायद्याची बैठक लवकर बसते. पत्रातल्या त्या दोन ओळींवरून मला तरी ती डळमळीत वाटली नाही. माझं मत विचाराल तर, कॉलेज बरं मिळालं तर पाच वर्षांचं करू द्या.

पैशाचं. मुलगी आहे हे इथं उपयोगी पडेल. २०२४-२५ पासून राज्य सरकारनं ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट) आणि ओबीसी मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केलीय. अट अशी की प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत फेरीतून, म्हणजे कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की सवलत गेली. खासगी आणि अभिमत विद्यापीठांना ती लागू नाही. तेव्हा पुण्या-मुंबईची चकचकीत इमारत आणि ‘सीट बुक करा’ असा फोन आला तर फोन ठेवून द्या. एससी-एसटीच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती वेगळी आहे. तुम्ही कुठल्या प्रवर्गात येता ते पत्रात नाही, म्हणून सगळंच सांगितलं. राहण्या-खाण्याचा खर्च मात्र तुमच्या खिशातून जाणार. जळगाव-धुळ्यात आणि पुण्यात त्याचा फरक किती ते कापसाच्या भावावर जगणाऱ्याला मी काय सांगू.

रोज जा-ये करणार असेल तर एक लक्षात ठेवा. लॉला प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी लागते. आठवड्यातून तीन दिवस तोंड दाखवून वकील होण्याचा जमाना कागदावर तरी संपलाय.

मुलीच्या आईला सांगा, तेवीस हे वय शिक्षण संपण्याचं आहे, पाय रोवण्याचं नाही, तो त्याहून पुढे रोवला जातो. पाच वर्षांनी सनद घ्यायची. नोंदणी फी खुल्या गटाला ७५० रुपये आणि एससी-एसटीला १२५, त्याहून जास्त बार कौन्सिलला घेता येत नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०२४ मध्ये बजावलंय. मग बार कौन्सिलची ऑल इंडिया बार एक्झामिनेशन ही परीक्षा. मग कुणातरी सीनियरकडे फायली उचलायच्या, तारखा घ्यायच्या, पुरसिस म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन लिहायचं, निशाणी ५ च्या म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जाची दहा प्रारूपं पाठ करायची. पहिली दोन-तीन वर्षं हातात पेट्रोलपुरते पैसे येतात, कधी तेवढेही नाही. न्यायाधीश व्हायचं असेल तर २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं आधी तीन वर्षांची वकिली लावलीय. एवढं सगळं ऐकून जे स्थळ पळून जाईल ते गेलेलंच बरं. जे थांबेल त्याला बघायला बोलवा.

आता थोडं तुझ्याशी बोलते, बारीक अक्षरवाली.

इंग्रजीची भीती अर्धी खरी आहे. राज्याची सीईटी, म्हणजे लॉची प्रवेश परीक्षा देशील तर तिचा पेपर इंग्रजीसोबत मराठीतही असतो, इंग्रजीचा भाग सोडून. चुकीच्या उत्तराला गुणही कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. मुंबई, नागपूर, संभाजीनगर इथल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, क्लॅट, मात्र पूर्ण इंग्रजीत आणि चुकीला पाव गुण कापणारी. तिथली फी आणि राहणं धरून वर्षाचा खर्च लाखांत जातो. दे, देऊन बघायला हरकत नाही, पण सगळी मदार तिच्यावर ठेवू नकोस. जिल्हा कोर्टात दावा, कैफियत, साक्ष हे बहुतेक मराठीत चालतं. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांची अपिलं जातात हायकोर्टाच्या संभाजीनगर खंडपीठात, आणि तिथं सगळं इंग्रजी. म्हणजे पाच वर्षांत इंग्रजी यायलाच हवं, पण पहिल्या दिवशी यायला हवं असं नाही.

एक करून बघ. सुप्रीम कोर्टाच्या संकेतस्थळावर काही निकालांचे मराठी अनुवाद ठेवलेले आहेत. एक निकाल घे, मराठीतली दोन पानं वाच, मग त्याच परिच्छेदांचं इंग्रजी वाच. रोज दोनच पानं. अनुवाद कधी कधी इतका बोजड असतो की इंग्रजी सोपं वाटायला लागतं, हाही एक फायदाच. मी वर सांगितलेला विनीता शर्माचा निकाल लांब आहे, तो सुरुवातीला नको.

पाच वर्षांत तुला किमान २० आठवडे इंटर्नशिप करावी लागेल. वकिलाकडे, कोर्टात, संस्थेत, कुठेही. सगळे पुण्या-मुंबईच्या फर्मची नावं शोधतात. तू निदान एकदा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, आणि जमलं तर धडगाव-अक्कलकुव्याकडे वनहक्काच्या दाव्यांवर काम करणाऱ्या एखाद्या संस्थेत. २००६ चा वनहक्क कायदा, सरदार सरोवरात गेलेली नंदुरबारची ३३ गावं, ग्रामसभेचे ठराव, हे सगळं तिथं एकाच फायलीत सापडतं. तुझा इतिहास, तुझं राज्यशास्त्र आणि तुझा कायदा तिथं वेगळे काढता येत नाहीत. आणि अहिराणी येते ना तुला? अशील खरं बोलतो ते घरच्या बोलीत. साहेबासमोर प्रमाण मराठीत जुळवून बोललेलं वेगळं असतं आणि वडाखाली बसून सांगितलेलं वेगळं. हा तुझा फायदा पुण्याच्या मुलीकडे नाही.

भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता, साक्ष अधिनियम हे नवे कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झालेत. तेव्हा शेजारच्या दादाची जुनी पुस्तकं फुकट मिळाली तरी फौजदारीची घेऊ नकोस. घटनेची, कराराची चालतील.

भाऊ, पुन्हा तुम्ही. सीईटीची नोंदणी बारावीच्या निकालाची वाट बघत नाही, आधीच होऊन जाते, तेव्हा सीईटी सेलच्या सूचना मुलीला आतापासूनच बघत राहू द्या. बारावीला खुल्या गटाला ४५, ओबीसीला ४२ आणि एससी-एसटीला ४० टक्के एवढीच अट आहे, तिला त्याची काळजी नाही. काळजी कागदांची आहे. तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला, अधिवास, ओबीसी असाल तर नॉन-क्रीमीलेअर, आणि जात वैधता. वैधता प्रमाणपत्राला महिने लागतात, पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा जुना महसुली उतारा शोधायला त्याहून जास्त. बारावीत असतानाच कॉलेजच्या पत्रासह अर्ज टाकता येतो, तो याच महिन्यात टाका. मूळ कागद कुणाकडेही ठेवायला देऊ नका, कॅपच्या फेऱ्यांत ते तिच्याच पिशवीत लागतील.